पेरूची भाजी : दुसरं प्रूफ

बाबा खेतवाडीतल्या छापखान्यात खिळे जुळवायचे,
डोळे अधू झाल्यावर प्रुफं तपासायचे.
घरी येताना वाया गेलेल्या गॅलीच्या लांब पट्ट्या आणत.
एका बाजूला कुणाच्या पतपेढीचा ताळेबंद,
दुसऱ्या बाजूला आमचं जेवण.

पाळी रात्रीची, म्हणून सकाळचा स्वयंपाक त्यांचा.
आई टेलिफोनच्या ऑफिसात, सातला घराबाहेर.
नखांतलं शिसं रिठ्याच्या पाण्याने तीनदा धुऊन
मगच ते भाजीला हात लावत.

ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत टोपल्या उतरत असतानाच पोचायचे
आणि त्या दिवशी जे सगळ्यात स्वस्त, ते घ्यायचे.
"स्वस्त झालं म्हणजे मोसम आला," म्हणत,
"पंचांग लागतं कशाला?"

चैत्रातली पट्टी आखूड आहे :
कैरी किसावी. कांदा किसू नये, चिरावा.
गूळ कैरीला विचारून.
मीठ चिमूटभर (माझी चिमूट. तुझी लहान, तू दोन घे).

शेवळांच्या पट्टीवर कोपऱ्यात मुरबाडच्या बुधीचं नाव :
बुधी म्हणते, पिवळा भाग काढलाच पाहिजे.
तिच्याकडे काकडं नसतील
तर शेवळंही घेऊ नयेत.
एकदा थोडं पिवळं राहून गेलं.
सगळे घसे धरून बसलो, संध्याकाळपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.
लग्नानंतरचा सगळ्यात शांत रविवार,
असं आई पुढे कित्येक वर्षं सांगत होती.

शिराळी आली की भाजीपेक्षा चटणीची वाट पाहायची.
शिरा, तीळ, लसूण, तवा.
पट्टीवर एवढंच : शिरा टाकल्यास कोण ते कळवा.

आता त्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात, विक्रोळीला, माझ्याकडे.
कागद चहाच्या रंगाचा झालाय,
उलगडताना घडीवर तुटतो.
मोरूदादा म्हणतो, फोटो काढून ठेव.
काढले. फोटोला वास येत नाही.

काल कॉलनीच्या फाटकाशी हातगाडीवर पेरू,
कडक, फिकट हिरवे, देठाला अजून पान.
पावकिलोचा भाव ऐकून अर्धा किलो घेतले
आणि डब्यातून ती पट्टी शोधली :

पेरू पिकू लागलेला, पण दाबला तर दबू नये.
बिया काढून ठेवाव्यात, फेकू नयेत,
चाळणीवर घासून तो गर रसात घालावा.
तुपात जिरं. तिखट. पाणी वाटीभर.
गूळ.

गुळावर लाल रेघ आहे.
समासात तिची शेपटी, गाळण्याची खूण, बाबांच्या हातची.
तो हिवाळा मला आठवतो, रक्तात साखर सापडलेला.
भाजी पानात यायची, तुरट, एकटी पडलेली.
आम्ही काही बोललो नाही. दादा लोणचं जास्त घ्यायचा.
बाबा दोन पोळ्या खाऊन पानावरून उठत
आणि रात्री पुन्हा दुसऱ्यांच्या चुका शोधायला जात.

चष्मा लावून पाहिलं तेव्हा दिसलं :
खोडलेल्या शब्दाखाली निळ्या शाईत
एक, दोन, तीन, चार टिंबं.
ओळीत नाहीत. हात थरथरत असणार.
छापखान्यात खोडलेलं परत हवं असलं की शब्दाखाली टिंबं देतात,
आणि समासात लिहितात, तसं इथेही लिहिलं होतं :
राहू दे.

केव्हा लिहिलं असेल?
त्यांना तर शेवटपर्यंत चालत नव्हता.

किसणीवर गुळाचा खडा धरला.
हाताला येईल तेवढा. मग आणखी थोडा.

ईशानने घास घेतला, थांबला.
"भाजी गोड का आहे?"
"मूळ प्रतीत तशीच आहे," म्हटलं,
"खा."